जावाची साखर आणि गोदाकाठचा कारखाना

गोदावरीवरचा शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. अलीकडच्या तीरावर, अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला (महाकाळा), समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात काट्यावर वजन झालेला ऊस गव्हाणीत पडतो, चरकातून रस निघतो, आणि उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जाळून मिळणाऱ्या वाफेवर कारखाना चालतो.

1930 च्या सुमारास देशात असे कारखाने मोजकेच होते आणि भारत जावाची साखर खात होता. ऊस इथं मुबलक होता, पण त्याचा बहुतेक गूळच व्हायचा. 1932 च्या कायद्यानं परदेशी साखरेवरच्या जकातीचं संरक्षण मिळालं आणि पाच-सहा वर्षांत कारखाने सुमारे 30 वरून 130 च्या पुढे गेले. आयातीची जागा देशी उद्योगानं घ्यावी, हा विचार लॅटिन अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ 1950 च्या आसपास सिद्धान्त म्हणून मांडू लागले; आपल्याकडे साखरेत तो त्याआधीच उतरला होता.

पण जकातीनं फक्त साखर देशी केली. चरक, बॉयलर, पॅन बोटीनंच येत. ते इथं घडू लागले स्वातंत्र्यानंतर, वालचंदनगरला आणि जर्मन सहकार्यानं पिंपरीच्या बकाऊ वुल्फमध्ये. माझ्या मते खरी मजल ही. साखर पोत्यात येते, यंत्र घडवायची विद्या मात्र पिढी खपल्याशिवाय येत नाही.

मालकीचं तर कायद्याच्या गावीही नव्हतं. संरक्षणाचा पहिला लाभ मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारच्या गिरणीमालकांना झाला. शहागड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याचा मोठा कारखाना 1937 साली निघाला तो दूर बोधनला, सरकारच्या पुढाकारानं. शेतकरी भागधारक झाला तो प्रवरेच्या सहकारी कारखान्यात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कारखान्याचं गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झालं. शहागडच्या पट्ट्याला त्यापुढेही पाण्याची वाट पाहावी लागली. 1976 मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं आणि डाव्या कालव्यानं अंबडकडच्या शिवाराचं पीक बदललं.

आता उसापासून इथेनॉल करून परदेशी खनिज तेल वाचवायचं चाललं आहे. त्यात परकीय चलन किती वाचलं याचा हिशेब होतो, तसाच उसाला लागणाऱ्या, जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातल्या पाण्याचाही झाला पाहिजे. पाण्याचं आवर्तन लांबलं की कालव्याच्या शेपटाकडचा कापूसवाला आधी कोरडा पडतो, आणि पुलापलीकडच्या बीडमधल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयते घेऊन दरसाल दूरच्या फडांवर जातातच.