कचऱ्याचे काळे पाणी

शहराबाहेर टाकलेला कचरा नजरेआड होतो. त्यातून पाझरणारे पाणी मात्र जमिनीत मुरत राहते. जळगाव व धुळे येथे २००३ साली महानगरपालिका आल्या. शहरे वाढली की कचऱ्याचे ढीगही वाढतात. गिरणा-पांझरेच्या खोऱ्यांत विहिरीच्या पाण्याचे मोल कोणास सांगावयास नको.

ताज्या कचऱ्याचे पाणी जीवाणूंच्या साहाय्याने बरेच शुद्ध होते. जुन्या ढिगातील चिवट द्रव्यांपुढे मात्र जीवाणूंचे फारसे चालत नाही. तेथे १८९४ साली हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने वर्णिलेली क्रिया उपयोगी पडते. आम्ल पाण्यात लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात आणि ती या द्रव्यांचे विघटन करतात.

तथापि हा उपाय स्वस्त नाही. पाणी आधी आम्ल व नंतर उदासीन करावे लागते. मागे लोहयुक्त गाळ उरतो, क्षार तर तसेच राहतात. शिवाय जे पाणी गोळा झाले, त्यावरच ही क्रिया करता येते. ढिगाखाली अस्तर नसेल, पाणी वाहून नेणारी नळी नसेल, तर प्रयोगशाळेतील यश विहिरीला काय कामाचे?

म्हणून क्रम महत्त्वाचा. ओला कचरा घरोघरी वेगळा निघून त्याचे खत व्हावे, उरलेल्याखाली अस्तर असावे आणि रसायने अखेरीस यावीत. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर चढू पाहणे म्हणजे नागरिकांच्या आळसाची किंमत शेजारच्या शेतकऱ्याकडून वसूल करणे होय.