अडलेलें दार आणि तुंबलेलें पाणी

यंत्र घरांत आलें म्हणजे त्याचे रुसवेहि घरांत येतात. कपडे धुण्याच्या यंत्राविषयीं दोन तक्रारी दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या कानीं वारंवार पडतात. एक, दार उघडत नाहीं; दुसरी, पाणी बाहेर जात नाहीं. लोक त्या निराळ्या समजतात. समोर कांचेचें दार असलेल्या यंत्रांत त्या बहुधा एकाच दुखण्याच्या दोन खुणा असतात, आणि हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ चांगल्या दारांच्या मुठी पकडीनें मोडल्या जातात.

सोलापुरांतलें नेहमींचें उदाहरण घ्यावें. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून घरांतल्या चादरी आणि टर्किश टॉवेल एकदम धुवावयास निघतात. पांचसहा टॉवेल, वर एक जाड चादर, असा घाणा यंत्रांत कोंबला जातो. तासाभरानें यंत्र मध्येंच थांबतें, दिवे लुकलुकतात, आणि कांचेमागें साबणाचें गढूळ पाणी तसेंच उभें दिसतें. गृहिणी मूठ ओढून पाहते. दार हालत नाहीं. मग घरांतील कोणी पराक्रमी पुरुष पक्कड घेऊन पुढें सरसावतो.

त्यानें क्षणभर थांबावें. धुलाई सुरू होतांच दाराला विजेचें कुलूप लागतें. पोटांत पाणी किती आहे हें यंत्राला दिसत नाहीं. त्याला तें समजतें हवेच्या दाबानें. टांकीच्या तळाकडून एक बारीक नळी वर गेलेली असते. पाणी चढलें कीं तिच्यांतली कोंडलेली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून वरचा खटका पातळी ओळखतो. आंत पाणी आहे अशी खूण मिळत राहील तोंवर कुलूप सोडावयाचें नाहीं, अशी यंत्राची रचनाच असते. ती शहाणपणाची आहे. दार बळानें उघडलें तर तें सारें पाणी पायांवर आणि फरशीवर येईल. ऊन पाण्याची धुलाई असेल तर तें ६० अंशांचेंहि असूं शकेल, आणि जवळच विजेचा प्लग असतो.

पाणी पूर्ण गेलें असूनहि दार लगेच उघडत नसेल, तर त्यांत दोष नाहीं. पुष्कळ कुलुपांत तापून वांकणारी धातूची पट्टी असते. ती निवण्यास एकदोन मिनिटें लागतात. वीज मध्येंच गेली असतां कांहीं कुलुपें निवल्यावर आपोआप सुटतात, कांहींना मात्र वीज परत येईपर्यंत वाट पाहावी लागते.

आतां पाण्याकडे वळावें. प्रथम यंत्रामागील सांडपाण्याची नळी पाहावी. यंत्र भिंतीशीं सरकवतांना ती दुमडते आणि मग पंप कितीहि घुमला तरी पाणी जात नाहीं. दुसरें कारण या शहराच्या पाणीटंचाईंतून आलेलें आहे. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि पुढें त्याचें पाणी सोलापुराला मिळूं लागलें, तरी कित्येक वर्षें येथें नळाला कांहीं दिवसांआड पाणी आलें. त्यामुळें धुण्याचें पाणी फरशी पुसावयास आणि संडासांत ओतावयास ठेवण्याची संवय चांगलीच. परंतु त्यासाठीं नळी उंच पिंपांत सोडली कीं घोटाळा होतो. समोरून दार असलेल्या यंत्राचा पंप पाणी साधारण एक मीटरपर्यंत चढवितो, त्याहून उंच नाहीं. नळीचें तोंड पिंपांतील पाण्यांत बुडालें, तर पंप थांबतांच तेंच पाणी उलट यंत्रांत येऊं शकतें. तोंड पाण्याच्या वर राहील असें बांधावें. वरून झांकण असलेल्या पुष्कळ यंत्रांत पंपच नसतो. पाणी केवळ उतारानें जातें. तेथें नळी जमिनीवरच असली पाहिजे, पिंपांत घातली कीं पाणी जागचें हालणार नाहीं.

नळी ठीक असेल तर अपराधी बहुधा गाळणी. ती यंत्राच्या पुढच्या बाजूस, तळाशीं, लहानशा झडपेमागें असते. सोलापुरी टर्किश टॉवेलाला आणि चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली, तें भूषणच. पण टॉवेलाचें अंग सुताच्या फांशांनीं विणलेलें असतें, आणि नव्या टॉवेलाचे पहिले कांहीं घाणे सैल तंतू सोडतात. ते गाळणींत सांचून त्यांचा लगदा होतो. त्यांतच बटणें, नाणीं, सेफ्टी पिना येऊन अडकतात. म्हणून नवे टॉवेल पहिल्या तीनचार वेळां निराळे, थोडे थोडे धुवावे, आणि खिसे आधीं उलटे करावे.

गाळणी काढण्यापूर्वीं प्लग उपसावा आणि पाणी निवूं द्यावें. झडपेमागें बारीक नळी असल्यास तिचें बूच काढून पाणी पसरट ताटांत घ्यावें; ताट भरलें कीं बूच लावावें, ताट बादलींत रितें करावें, पुन्हां काढावें. काम कंटाळवाणें आहे, पण घाई केली कीं न्हाणीघर भरतें. पाणी थांबल्यावर गाळणी सावकाश फिरवून काढावी, नळाखालीं धुवावी, आणि आंत डोकावून पंपाचें लहान चक्र काडीनें हळूच फिरतें का तें पाहावें. गाळणी पुन्हां घट्ट बसवून यंत्र पाणी सोडण्याच्या खुणेवर चालवावें. पाणी गेलें कीं थोड्या वेळानें दार स्वतःच सुटतें. कांहीं यंत्रांत याच झडपेमागें दार सोडण्याची दोरी असते. ती पाणी काढल्यावरच ओढावी.

पाणी गेलेलें आहे पण कपडे ओलेचिंब आहेत, असें दिसलें तर दोष निराळा. भिजलेली चादर एका बाजूस गोळा झाली कीं यंत्राचा तोल जातो आणि तें पिळणें सोडून देतें. यंत्रावर लिहिलेले किलो सुक्या कपड्यांचे असतात, हें ध्यानांत घेऊन अर्धे कपडे काढावे.

दोन टांक्यांच्या अर्धस्वयंचलित यंत्रांत कुलूप बहुधा नसतें. तेथें बटन फिरवितांच आंतील पट्टा रबराचें बूच वर ओढतो. पट्टा तुटला तर पाणी तुंबतें. बुचाखालीं नाणें अडकलें तर उलट टांकी भरतच नाहीं. पिळण्याच्या टांकीचें झांकण उघडल्यावर फिरकी तत्काळ थांबत नसेल, तर ब्रेक झिजलेला आहे. अशा फिरकींत हात घालूं नये, बोटें जातात.

हें सारें करूनहि पंप नुसता गुणगुणत राहिला, किंवा मुळींच आवाज करीना, तर मिस्त्रीला बोलवावें. यंत्राला हात लावतांच झिणझिण्या येत असतील तर आधीं वीज बंद करावी आणि अर्थिंग तपासून घ्यावें. मिस्त्री आल्यावर पाणी किती उरलें होतें, गाळणींत काय निघालें आणि नळी कोठें सोडलेली होती, या तीन गोष्टी त्याला सांगाव्या.