चालणारं मूल पुन्हा रांगू लागलं तर...

दीड वर्षाचं, दुडूदुडू धावणारं मूल अचानक पुन्हा रांगू लागलं, की घरची मोठी माणसं म्हणतात, "पाय मुरगळला असेल, तेलानं चोळा." अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा अनेकदा मोलाचे दिवस निघून गेलेले असतात.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. गर्भात त्यांचा गाभा ज्या पेशींपासून घडतो, त्यांच्यापासूनच कण्यालगतची मज्जातंतूंची साखळीही तयार होते. म्हणूनच या ग्रंथीत होणारी न्यूरोब्लास्टोमा ही कर्करोगाची गाठ कण्याशेजारीही उद्भवू शकते. मणक्यांमधल्या फटीतून आत शिरून ती मज्जारज्जू दाबते. मग पाठ दुखते, पाय लुळे पडतात, लघवी-शौचाचं तंत्र बिघडतं.

आजार दुर्मीळ, बहुतेक रुग्ण ५ वर्षांखालचे. एमआरआयमध्ये गाठ दिसते, लघवीत बहुधा तिची रसायनं सापडतात, तुकडा तपासून निदान पक्कं होतं. बऱ्याचदा केमोथेरपीनं गाठ आकसते. काहींना शस्त्रक्रिया लागते. तान्ह्या बाळांत काही गाठी आपोआप विरतातही. पण मज्जारज्जू जितका जास्त काळ दबून राहील, तितकी पायांतलं बळ परतण्याची आशा कमी. तेव्हा चोळत बसू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.