महामारी आणि दवाखान्यातील मावशी-मामा



‘आपले मदतनीस’ शिकवताना फळ्यावर डॉक्टर, नर्स लगेच येतात. आयाबाई, वॉर्डबॉय मात्र राहूनच जातात. मानखुर्दमध्ये शिकवणाऱ्यांनी तरी असं करू नये, कारण ही माणसं आपल्याच वस्तीत राहतात.

एरवी मावशीचं काम काय? चादरी बदलणं, बेडपॅन देणं, रुग्णाला पुसून घेणं. मामा ट्रॉली ओढतात, नमुने लॅबमध्ये पोचवतात. २०२० मध्ये कोरोना आला आणि वॉर्डात नातेवाइकांना बंदी झाली. मग पाणी पाजणं, घास भरवणं, घरी फोन लावून देणं हेही त्यांच्याकडे आलं. मृतदेह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं. त्यासाठी मनाची तयारी कोणी करून घेतली होती?

पीपीई किट एकदा चढवलं की काढेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. मुंबईच्या उकाड्यात आत घामाच्या धारा! पाळीच्या दिवसांत बायकांचे काय हाल झाले असतील, हे सांगायला नकोच.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी त्या १५ जूनला सुरू झाल्या. तोवर मानखुर्दहून सायनला जायचं तर बेस्टच्या बसची वाट बघत उभं राहायचं. ड्युटी आठ तासांची असली, तरी दिवस कितीतरी मोठा.

घरी आल्यावर आणखी एक पेच होता. ‘वेगळ्या खोलीत राहा,’ असं टीव्हीवर सांगत होते. लल्लूभाई कंपाउंडमधलं घर २२५ चौरस फुटांचं. वेगळी खोली आणायची कुठून? झोपडपट्टीत तर संडासही सार्वजनिक. आपल्यामुळे पोरांना, सासूला लागण होईल ही भीती कामाच्या थकव्यापेक्षा जड असते. त्यात शेजारी नळावर लांब सरकून उभे राहिले की माणूस आतून तुटतो. झोप उडणं, चिडचिड, उगाच रडू येणं यामागे हीच कारणं असतात.

केंद्र सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात वॉर्डबॉय, सफाई कामगार, कंत्राटी कर्मचारीही होते, हे चांगलंच झालं. पण तो मृत्यूनंतरचा विमा! आजारपणात बुडालेल्या रोजासाठी तो नव्हता. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली. तेव्हा कुठे थोडा धीर आला.

आपल्या वर्गात अशा घरातलं मूल असेल, तर त्याच्या आईला किंवा वडिलांना एखाद्या तासाला बोलवा. हात नीट कसे धुवायचे, हे ते आपल्यापेक्षा चांगलं दाखवतील.