यजमान दीर्घिका आणि सुपरनोव्हांची अंतरे

दूरच्या दीर्घिकांची अंतरे ठरविण्यासाठी 'आयए' प्रकारचे सुपरनोव्हा प्रमाणदीप म्हणून वापरले जातात. प्रकाश मंद, तर अंतर अधिक. 1998 मध्ये असे दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद आढळले व विश्वाचे प्रसरण त्वरणयुक्त असल्याचा निष्कर्ष निघाला. या मंदत्वाचे कारण अंतराखेरीज अन्य नसेल काय? पुण्याच्या 'आयुका'चे डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी 2002 च्या शोधनिबंधात दीर्घिकांदरम्यानच्या सूक्ष्म धातुतंतूंच्या धुळीकडे बोट दाखविले. हे प्रतिपादन बहुमान्य झाले नाही. शंका मात्र रास्त होती.

2010 च्या सुमारास ती यजमान दीर्घिकेच्या संदर्भात निराळ्या रूपाने पुढे आली. प्रकाशवक्राची रुंदी व रंग यांनुसार दुरुस्ती केल्यावरही, सूर्याच्या सुमारे 1,000 कोटी पटींहून अधिक वस्तुमानाच्या दीर्घिकांतील सुपरनोव्हा लहान दीर्घिकांतील सुपरनोव्हांपेक्षा सरासरी सुमारे 0.06 प्रतीने तेजस्वी ठरतात. म्हणजे अंतरात जवळजवळ 3 टक्क्यांचा फरक. तो क्षुल्लक वाटेल. परंतु जवळच्या व दूरच्या नमुन्यांत मोठ्या यजमान दीर्घिकांचे प्रमाण सारखे नसते, म्हणून दुरुस्तीअभावी तो थेट कृष्ण ऊर्जेच्या मापनात शिरतो. यास मूळ ताऱ्याचे वय कारणीभूत की यजमान दीर्घिकेतील धूळ, याविषयी अद्याप एकमत नाही. आज केली जाणारी दुरुस्ती निरीक्षणांवर बेतलेली आहे, कारणमीमांसेवर नव्हे.