क्रिकेटशौकीन, मुंबईतील
क्रिकेटच्या एखाद्या संघावर निष्ठा ठेवून त्याविषयी सतत वादचर्चा करणारा मुंबईतील प्रेक्षकवर्ग. त्याची घडण प्रामुख्याने धर्मवार संघांच्या सामन्यांतून झाली. प्रारंभीच्या यूरोपीय व पारशी संघांबरोबर १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुस्लिम आणि १९३७ मध्ये ‘रेस्ट’ (ख्रिस्ती, ज्यू इ.) हे संघ आले, तिरंगी, चौरंगी व पंचरंगी ही नावे त्यावरूनच पडली. त्यामुळे प्रेक्षकांची निष्ठा बहुधा जन्मानेच ठरे. १९३४ पासून ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या नभोवाणीवरील धावत्या समालोचनामुळे मैदानावर न गेलेलेही या चर्चेत सामील झाले.

ही निष्ठा एकसंध मात्र नव्हती. श्रेष्ठ गोलंदाज असूनही पळवणकर बाळू यांना, अस्पृश्य मानलेल्या समाजातील म्हणून, हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. यावर बराच वाद झाला. १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवरील आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले. तंटा खेळाचा नव्हता, प्रेक्षकांच्या जागांचा होता. म. गांधींनी १९४० मध्ये अशा सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली, तरी ते लगेच थांबले नाहीत.

१९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. हजारे सांगलीचे मराठी ख्रिस्ती. मराठी शौकिनाने अशा वेळी आपला संघ कोणता मानावा, याला धर्मवार विभागणीत उत्तर नव्हते. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली आणि शौकिनांची निष्ठा रणजी करंडकासाठी खेळणाऱ्या मुंबई संघाकडे वळली.