देवदार लालबागला का रुजत नाही?

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या खोलीत तात्या राहायचे. आयुष्य गिरणीत गेलेलं. साठी उलटल्यावर मुलानं त्यांना पहिल्यांदाच कुलू-मनालीला नेलं. परत येताना तात्यांनी जंगलातून देवदाराची वीतभर उंचीची दोन रोपं उपटून आणली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. एक गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलं. दुसरं गणपतीला गावी नेऊन परसात लावायचं ठरलं होतं. दोन-तीन आठवडे रोपं हिरवी दिसली. मग पानं तपकिरी पडून गळू लागली. तात्यांनी मला विचारलं, "पाणी कमी पडलं की जास्त झालं?"

चूक पाण्यात नव्हती. रोप उपटलं त्याच क्षणी ती घडून गेली होती.

झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नव्हे, तर त्यांच्या टोकांजवळच्या केसासारख्या तंतूंनी. रोप हिसकलं की हे तंतू जमिनीतच राहतात. हाती येते ती नुसती काडी. वरची पानं मात्र हवेत पाणी सोडतच राहतात. पानझडी झाड अशा वेळी पानं टाकून देतं आणि तग धरतं. सदाहरित देवदाराला ती सोय नाही. शिवाय त्याची सुईसारखी पानं मेल्यावरही बरेच दिवस हिरवी दिसतात. रोप जगलं असं आपल्याला वाटत असतं, तेव्हा ते संपलेलं असतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. देवदार आणि पाईन यांच्या मुळांवर मातीतल्या बुरशीचं आवरण असतं. ही बुरशी झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते, झाड तिला साखर देतं. रोप माती झटकून आणलं की ही भागीदारी तुटते. तिसरी गोष्ट थंडीची. देवदार वाढतो साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यातली खरी थंडी त्याच्या वाढीच्या चक्राचा भागच आहे. समुद्रकाठच्या दमट मुंबईत ती कुठून आणणार?

आणि एक सांगायलाच हवं. राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोप उपटणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. तात्यांना हे ठाऊक नव्हतं. सहलीला जाणाऱ्या अनेकांना नसतं.

मग सूचिपर्णी झाड आपल्याकडे लावूच नये का? जरूर लावावं, पण रोपवाटिकेत कुंडीत वाढलेलं. शाळेत असताना आपण 'विद्या' म्हणून ज्याचं पान पुस्तकात ठेवायचो, ती मोरपंखी सूचिपर्णींच्याच कुळातली. नाताळात कुंडीत विकायला येणारा अरौकारिया दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, त्यामुळे त्याला खारी हवा मानवते. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू मात्र दिसायला तसा असला तरी सूचिपर्णी नव्हे. त्याच्या 'सुया' म्हणजे खरं तर बारीक हिरव्या काड्या. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मूळची एकही सूचिपर्णी जात नाही.

परदेशी झाड इथे जगत नाही, असंही नाही. लालबागपासून हाकेच्या अंतरावर भायखळ्याची राणीबाग आहे, १८६२ साली खुली झालेली. तिथे आफ्रिकेतली गोरखचिंच उभी आहे. तिचं माहेर उष्ण प्रदेशातलं आहे, एवढाच फरक.

पण रानातलं रोप हलवून लावण्याची हौस असेल, तर मनालीपर्यंत जायची गरज नाही. चाळीच्या भिंतीकडे पाहा. कुठे पाईप गळतो, चुना भुसभुशीत होतो आणि तिथे पिंपळ उगवतो. तांबट, कोकीळ, वटवाघळं पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडतं. ते मूळ वाढू दिलं तर भिंत फोडतं, म्हणून ते काढावंच लागतं. मात्र ते मारायलाच हवं असं नाही.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की काम करावं. रोप वीतभर असतानाच काढावं, आणि गॅलरीत उभं राहून हाताला येईल तेवढंच. बाहेर वाकू नये. खोड अंगठ्याएवढं जाड झालं असेल तर स्वतः हात लावू नये, माहीतगार गवंड्याला बोलवावं. भेग आधी चांगली भिजवावी, सुटा चुना चमच्यानं कोरून काढावा आणि मूळ सबंध मोकळं करावं. ओढू नये. निम्मी पानं कापून टाकावीत. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच कुंडीत लावावीत. पंधरा दिवस सावलीत ठेवावं, मग हळूहळू उन्हात आणावं. पुढच्या पावसाळ्यात ते मातीच्या गोळ्यासकट मोकळ्या जमिनीत लावावं. घरापासून आणि विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर. मधल्या काळात पानं सगळी गळाली तरी घाबरू नये. मूळ जिवंत असेल तर पिंपळ पुन्हा फुटतो. देवदाराला हे जमत नाही.

स्वतःच्या परसातलं फणसाचं किंवा रातांब्याचं रोप हलवायचं असेल, तर तेही लहानपणीच, पावसात आणि मुळांभोवतीच्या मातीसकट. मोठं झाड मुंबईत हलवायचं तर १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आमची चाळ पुढे पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करायच्या आधीच्या पावसाळ्यात तात्यांनी मोरीच्या पाइपाजवळचा पिंपळ असाच सोडवला आणि वर्षभर डब्यात सांभाळून गावी नेला. आज चाळीच्या जागी टॉवर आहे. तात्याही नाहीत. पण त्यांच्या गावात, घरापासून दूर, पाणंदीच्या कडेला तो पिंपळ उभा आहे. गावातली मुलं त्याला 'मुंबईचा पिंपळ' म्हणतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)